परीकथांचे पत्ते, तेरावं पान आणि ते दोन दिवस

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला आणि मग उत्तर लिहायला बसले. इतर वाचणाऱ्यांसाठी तो थोडक्यात सांगते. तुमचं माहेर बडोद्याचं, सासर इंदूरचं. दीड वर्षापूर्वी आई गेली. मैत्रिणीने वाढदिवसाला परीकथांच्या चित्रांचे टॅरो पत्ते दिले आणि तेव्हापासून, म्हणजे साधारण दोन महिने, तुम्ही रोज रात्री अंथरुणावर बसून एक पान काढता. तेरावं, मृत्यूचं पान आतापर्यंत चार वेळा आलं. त्यावर एक गुहा आहे, गुहेत असंख्य मेणबत्त्या, काळ्या झग्यातली उंच आकृती आणि तिच्या शेजारी पिशवी घेतलेला एक वैद्य. हे पान पुन्हा पुन्हा का येतं, अशा पत्त्यांनी मन खरंच बरं होतं का आणि पत्ते मांडायचे कसे, हे तुम्हाला विचारायचंय. सासूबाई म्हणतात, ‘असल्या वस्तू घरात नकोत.’ आणि अगदी शेवटी, जाता जाता आठवल्यासारखं एक वाक्य आहे: ‘आईला दवाखान्यात न्यायला मी दोन दिवस उशीर केला.’

मला वाटतं, तुमचा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. पत्त्यांबद्दलचे बाकीचे प्रश्न त्याच्या आजूबाजूने फिरताहेत. तरी आधी पत्त्यांबद्दल बोलू या, कारण त्यांची भीती थोडी उतरल्याशिवाय त्या वाक्याकडे नीट बघता येणार नाही.

मी बडोद्यात दांडिया बाजारात बावीस वर्षं समुपदेशन करते. त्यातली तेरा-चौदा वर्षं गोष्टींची चित्रं असलेले पत्ते माझ्या टेबलावर आहेत. मी भविष्य सांगत नाही आणि पत्त्यांना ते कळतं असं मानत नाही. पण एखादं चित्र समोर ठेवलं की महिनोन् महिने गप्प असलेलं माणूस बोलायला लागतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्यावर माझा पूर्ण भरवसा आहे.

टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीतल्या श्रीमंत घराण्यांत खेळायला म्हणून बनले. हुकुमाची पानं असतात तशी त्यात चित्रांची जास्तीची पानं होती, इतकंच. भविष्याशी त्यांची गाठ अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बांधली गेली. १७८१ मध्ये कूर द जेबलँ नावाच्या लेखकाने, हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे, असं छापून टाकलं. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कोणाला वाचताही येत नव्हती. आज दुकानात मिळणारे बहुतेक जोड १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या जोडावर बेतलेले असतात. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली होती. एकूण ७८ पानं, त्यात २२ मोठी आणि ५६ छोटी. परीकथांचे जोड करणारे चित्रकार याच ७८ घरांत आपापल्या पसंतीच्या कथा बसवतात. तुमच्या जोडात तेराव्या पानावर ही गुहा आहे, दुसऱ्या जोडात तिथे भलतीच गोष्ट असेल. म्हणजे पानाचा अर्थ आभाळातून आलेला नाही. एका चित्रकाराने टेबलाशी बसून तो निवडलाय.

आता चार वेळा येण्याबद्दल. मी हिशोब करून पाहिला. ७८ पानांतून रोज एक काढलं, तर अकरा रात्रींच्या आत कुठलंतरी एक पान दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. साठ रात्रींत कुठलंतरी एक पान चार किंवा त्याहून अधिक वेळा येण्याची शक्यताही निम्म्याच्या जवळपास आहे. पत्ते नीट पिसले गेले असतील, तर! तुम्ही लिहिलंय की पान बघून झालं की ते वर ठेवता आणि दुसऱ्या दिवशी ‘दोन-तीनदा पिसून’ पुन्हा काढता. आपण हातावर जसे पत्ते पिसतो, तसे ते फार हळू मिसळतात आणि एकत्र असलेली पानं एकत्रच राहतात. वर ठेवलेलं पान वरच्याच भागात रेंगाळतं. शिवाय छोट्या पानांपैकी कपांची तिरी चार वेळा आली असती तर ती तुमच्या लक्षातही राहिली नसती. हे पान लक्षात राहिलं, कारण ते आलं तेव्हा पोटात गोळा आला. त्या गोळ्याकडे लक्ष द्यायला हवं. पान कितीदा आलं ते मोजायचं सोडून द्या.

आणखी एक. तेरा म्हटलं की पाश्चात्त्यांना अशुभ वाटतं, ते त्यांचं त्यांच्यापाशी. आपल्याकडे तेरावा म्हणजे काय? सुतक संपून गेलेलं असतं, घर आवरलेलं असतं, गोडाचं जेवण होतं, नातेवाईक आपापल्या गावी परततात आणि घरातल्या माणसाला उद्यापासून कामाला लाग म्हणतात. माझ्याकडे येणारे कितीतरी जण सांगतात की दहाव्यापर्यंत माणसांचा राबता होता, रडायला सवडच मिळाली नाही, आणि तेराव्यानंतर घर एकदम रिकामं झालं. खरं दुःख तिथून सुरू झालं. पुढच्या वेळी ते पान हातात आलं तर त्यावरचा आकडा आपल्या हिशोबाने वाचून बघा. आईच्या तेराव्याला तुम्ही कुठे होतात, काय करत होतात, कोणाशी बोललात?

आता त्या चित्रातली गोष्ट. तुम्हाला ती माहीत नाही असं तुम्ही म्हणता, म्हणून सांगते. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी जमवलेल्या कथांपैकी ती एक आहे.

एका गरीब माणसाला बारा मुलं असतात. तेरावं होतं, तेव्हा त्याला बाळासाठी धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाचा पाठीराखा होणारा कोणी, हवा असतो. वाटेत देव भेटतो. हा त्याला नाही म्हणतो, कारण तू श्रीमंतांना देतोस आणि गरिबाला उपाशी ठेवतोस. मग सैतान भेटतो. तो फसवतो, म्हणून त्यालाही नकार. शेवटी मृत्यू भेटतो. हा मात्र लहानथोर, गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखं वागवतो, म्हणून त्याची निवड होते. मुलगा मोठा झाल्यावर मृत्यू त्याला नावाजलेला वैद्य करतो. खूण अशी ठरते: मी रोग्याच्या उशाशी उभा दिसलो तर औषध दे, तो बरा होईल. पायथ्याशी दिसलो तर तो माझा. पुढे राजा आजारी पडतो आणि मृत्यू पायथ्याशी उभा असतो. वैद्याला मृत्यूला चकवायचं असतं. तो राजाला उचलून उलटा निजवतो, म्हणजे मृत्यू आपोआप उशाशी येतो. मृत्यू एकदा माफ करतो. दुसऱ्यांदा राजकन्येच्या वेळी वैद्य तेच करतो, तेव्हा मृत्यू त्याला हाताला धरून जमिनीखालच्या गुहेत नेतो. तिथे प्रत्येक जिवाची एकेक मेणबत्ती जळत असते, काही उंच, काही मध्यम, काही अगदी संपत आलेल्या. वैद्याची स्वतःची विझायला टेकलेली असते.

तुमच्या पानावर हाच क्षण आहे. आता मी एक अंदाज सांगते. चुकीचा वाटला तर तिथेच सोडून द्या, कारण तुमच्या मनातलं मला इथून दिसत नाही. त्या वैद्याला मृत्यू दिसत होता. उशाशी की पायथ्याशी, हे त्याला दारातूनच कळत होतं आणि तरीही त्याच्या हातात शेवटी काही राहिलं नाही. ‘मी दोन दिवस उशीर केला’ असं तुम्ही लिहिता, तेव्हा आजची तुम्ही त्या दोन दिवसांकडे बघताय, सगळं माहीत असलेल्या नजरेने. त्या दिवशी त्या खोलीत उभ्या असलेल्या मुलीला उशी-पायथा काहीच दिसत नव्हतं. तिला कदाचित ताप दिसत होता, आईने न संपवलेलं ताट दिसत होतं. तुम्ही स्वतःकडून त्या वैद्याची नजर मागताय का, एवढंच मला विचारायचंय.

दोन दिवस आधी नेलं असतं तर काय झालं असतं, हे मात्र पत्त्यांना विचारू नका. मलाही विचारू नका. दवाखान्याची फाइल घ्या, ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांची वेळ घ्या आणि सरळ विचारा. ते जमत नसेल तर ओळखीच्या एखाद्या फिजिशियनला कागद दाखवा. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काही जणांनी हे केलंय. प्रत्येक वेळी दिलासाच मिळाला असं नाही, काहींना ‘थोडा फरक पडला असता’ असंही ऐकावं लागलं. पण रात्री दोन वाजता डोक्यात चालणाऱ्या खटल्यापेक्षा ते उत्तर झेपणारं निघालं, असं सगळ्यांनीच सांगितलं. ज्याला खरं उत्तर आहे तो प्रश्न त्याच्या जाणकाराकडे न्यायचा. पत्त्यांपाशी न्यायचे ते प्रश्न, ज्यांना बाहेर कुठेच उत्तर नाही.

मग पत्ते करतात काय? माझा अनुभव असा की गोष्टीतलं पात्र आपल्याला उभं राहायला आडोसा देतं. ‘मी’ म्हणून जे बोलवत नाही ते ‘ती’ म्हणून बोलता येतं. आमच्या बडोद्यात सतराव्या शतकात प्रेमानंद नावाचे कवी होऊन गेले. त्यांची नळाख्यानासारखी आख्यानं माणभट्ट चौकात गात, बोटांत अंगठ्या घालून तांब्याच्या माणेवर, म्हणजे मोठ्या घड्यावर, ताल धरत. नळ दमयंतीला रानात झोपलेली सोडून जातो, त्या जागी बायका डोळे पुसत. कोण दमयंतीसाठी रडतेय आणि कोण स्वतःसाठी, हे कोणी विचारत नसे. आपल्या कीर्तनातही हेच होतं. त्या गर्दीत रडायला मिळणारी मोकळीक एका माणसाला टेबलापाशी द्यायची, एवढंच मी पत्त्यांकडून करून घेते.

एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. पन्नाशीच्या एक बाई माझ्याकडे सांधेदुखी आणि निद्रानाशासाठी आल्या होत्या, डॉक्टरांनीच पाठवलेल्या. चार बैठका झाल्या, पण ‘सगळं चांगलं आहे हो’ यापलीकडे काही नाही. पाचव्या वेळी मी दहा-बारा पानं उताणी पसरली आणि म्हटलं, डोळा जिथे थांबेल ते उचला. त्यांनी हान्सेल आणि ग्रेटेलचं उचललं. दोन भावंडं, जंगलाची वाट, मुलाचा हात खिशात. त्यांना गोष्ट माहीत नव्हती. मी एवढंच सांगितलं की घरात खायला नाही म्हणून आईबाप मुलांना जंगलात सोडायला निघालेत आणि मुलाने परतीची वाट सापडावी म्हणून खिशात पांढरे खडे भरलेत. बाईंनी पानावरच्या त्या खिशावर बोट ठेवलं. बराच वेळ ते बोट तिथेच होतं. मग म्हणाल्या, “माझ्या फ्रॉकला खिसाच नव्हता.”

सहा वर्षांच्या असताना त्यांना मावशीकडे ठेवलं होतं, घरी पाचवं बाळंतपण होतं म्हणून. ते ‘थोडे दिवस’ नऊ वर्षांचे झाले. आई देवमाणूस होती, सगळे तसंच म्हणत, त्याही तसंच म्हणत आल्या होत्या. आईवर राग धरायला जागाच नव्हती. ग्रिम बंधूंनाही हीच अडचण आली होती. त्यांच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हान्सेल-ग्रेटेलला सोडायला सांगणारी त्यांची सख्खी आई आहे, आणि हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेलीही सख्खी आईच. पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी दोघींना सावत्र करून टाकलं. आई असं करते हे लोकांच्या गळी उतरेना, म्हणून सगळा दोष सावत्र आईच्या माथी गेला. त्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या आणि लगेच रडल्या. पुढचे तीन महिने आम्ही त्या एकाच पानावर काम केलं. सांधे पूर्ण बरे झाले नाहीत, ते औषधांचं काम होतं. झोप मात्र आली.

तुमच्याही बाबतीत, ताई, उशिराच्या अपराधाखाली आईवरचा थोडा राग दबलेला असू शकतो. स्वतःचं दुखणं न सांगणाऱ्या आया आपण सगळ्यांनी पाहिल्यात. असला तर तो राग वाईट नाही. प्रेमाच्या पोटातच तो असतो. नसला तर हे वाक्य विसरा.

आता तुम्ही विचारलेली रीत. मांडणी म्हणून दहा-दहा पानांची जी चित्रं पुस्तकांत असतात, त्यांच्या नादी सुरुवातीला लागू नका. एक पान पुरे. रोज काढू नका, आठवड्यातून एकदा बसा. रात्री अंथरुणावर तर नकोच, कारण उघडी पडलेली गोष्ट घेऊन तुम्ही झोपायला जाता आणि ती रात्रभर तुम्हाला जागवते. दिवसाउजेडी बसा, घरात कोणीतरी असेल अशा वेळी, आणि नंतर करायला एखादं हाताचं काम ठेवा. मी तर भाजी निवडायला सांगते. वीस मिनिटांचा गजर लावा. पान आंधळेपणाने ओढण्यापेक्षा सगळी पानं उताणी पसरून निवडा, त्याने नशिबाचा खेळ आपोआप बंद होतो. आणि जोडासोबत आलेली अर्थांची पुस्तिका आधी दोन महिने कपाटात ठेवा. ती उघडली की माणूस स्वतःचं बघायचं थांबवतो.

पान समोर आलं की पहिली पाच मिनिटं फक्त दिसतं ते लिहायचं. ‘मेणबत्त्या आहेत, डावीकडच्या उंच, वैद्याचा उजवा हात दिसत नाही.’ दुःख, शिक्षा, शेवट असे शब्द इथे लिहायचे नाहीत. हे सोपं वाटतं, पण सगळ्यात जास्त मेहनत याच भागाला लागते. फत्तेसिंहराव संग्रहालयात रवि वर्मांनी सयाजीरावांसाठी काढलेली पौराणिक चित्रं आहेत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी तिथे एकेका चित्रासमोर पंधरा मिनिटं उभं करते आणि फक्त दिसेल ते सांगायला लावते. दुसऱ्या मिनिटाला त्या कथा सांगायला लागतात, पाचव्या मिनिटाला थांबतात आणि दहाव्या मिनिटाला कोणीतरी म्हणतं, ‘अरेच्चा, तिच्या पायाकडे मी पाहिलंच नव्हतं.’ तिथवर पोचायचं. त्यानंतर चित्रातलं एक पात्र निवडायचं आणि त्याच्याबद्दल ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणून लिहायचं. त्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही, तो कोणाला काय सांगू शकला नाही. तिथे ‘मी’ आपोआप डोकावला तर येऊ द्या, ओढून आणू नका. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी वही मिटायची, पान जोडात परत ठेवायचं, पेटी बंद करून फडताळात ठेवायची आणि भाजीला बसायचं.

लिहिण्याचा आग्रह मी उगाच धरत नाही. जेम्स पेनबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या क्लेशाच्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्यावर लगेच त्यांचं मन जडच झालं होतं. पण जे घटना आणि भावना दोन्ही लिहीत होते, ते पुढच्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी वेळा दवाखान्यात गेले. म्हणून पहिल्या दोन-तीन रविवारी लिहिल्यावर बरं वाटण्याऐवजी मन भरून आलं तर घाबरू नका. मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते उतरायला हवं. उतरत नसेल तर थांबा.

थांबण्याबद्दल मी माझ्या चुकीतून शिकले. सुरुवातीच्या काळात एक तरुण मुलगी यायची, घरातल्या एका माणसाच्या वागण्याने पोळलेली. ग्रिमांच्याच कथांत हात नसलेल्या मुलीची गोष्ट आहे. बाप सैतानाच्या धाकाने मुलीचे हात तोडतो, पुढे तिला चांदीचे हात मिळतात आणि शेवटी तिचे स्वतःचे हात परत उगवतात. शेवट इतका सुंदर आहे की मला वाटलं हिला धीर येईल, आणि मी ते पान मी होऊन तिच्यापुढे ठेवलं. तिने ते पाहिलं, पर्स उचलली आणि निघून गेली. सहा आठवडे आली नाही. परत आली तेव्हा म्हणाली, “ताई, मला अजून हात तुटल्याचंच कळत होतं, तुम्ही उगवल्याचं सांगत होतात.” तेव्हापासून पान निवडायचं ते समोरच्याने, हा माझ्याकडे मोडता न येणारा नियम झाला. तुम्हीही स्वतःवर पान लादू नका. नको वाटणारं पान बाजूला ठेवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आतापर्यंतचं थोडक्यात: एकच पान, आठवड्यातून एकदा, दिवसा, स्वतः निवडलेलं, आधी दिसतं ते आणि मग ‘ती’ची गोष्ट, वीस मिनिटांत बंद.

तुम्ही एका ठिकाणी लिहिलंय की ऑनलाइन एका बाईंनी तुमचं पान वाचलं आणि ‘सगळं अचूक सांगितलं’. याबद्दल सावध करते. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमच्या स्वभावाचं वर्णन’ म्हणून एकेक कागद दिला आणि पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर होता, ज्योतिषाच्या बाजारू पुस्तकातून उचललेला. दुःखात असलेल्या माणसाला तर कुठलंही वाक्य लागू पडतं. त्या बाईंनी अडचण काढण्यासाठी विधी, खडा किंवा पुढच्या बैठकांचे पैसे सुचवले असतील, तर तिथे जाऊ नका.

सासूबाईंचं म्हणाल, तर त्यांच्याशी वाद घालू नका आणि लपवूही नका. पत्ते घेऊन त्यांच्या शेजारी बसा आणि एक चित्र दाखवून विचारा, “आई, तुमच्याकडे अशी कुठली गोष्ट सांगायचे?” चित्रांचे पत्ते आपल्याला परके नाहीत. सावंतवाडीची गंजिफा आजही रंगवली जाते, गोल पत्ते, दशावतारी जोडात दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी १२० पानं. आणि गोष्टींची तर आपल्याकडे खाणच आहे. मागे एका श्रावणात इथल्या सहा-सात बायकांनी मिळून स्वतःचा जोड केला. लग्नपत्रिकांचे पुठ्ठे एका मापाने कापले, कोऱ्या बाजूला चित्रं काढली. हळदीकुंकवाचा वास असलेले ते पत्ते अजून माझ्या खणात आहेत. आटपाट नगराची वेस, आवडती आणि नावडती राणी, चिमणीचं मेणाचं घर, खुलभर दुधाची म्हातारी. सगळ्यात जास्त हाताळलं गेलेलं पान शुक्रवारच्या कहाणीचं आहे. श्रीमंत भाऊ गावजेवण घालतो, गरीब बहिणीला पंगतीतून उठवतो. पुढे तिला बरे दिवस येतात, भाऊ मानाने जेवायला बोलावतो आणि ती ताटातला एकेक घास आपल्या दागिन्यांवर ठेवते, कारण जेवायला त्यांनाच बोलावलंय. चित्रात नुसतं ताट आणि पाटल्यांवर ठेवलेला भात आहे. हे पान हातात घेऊन माहेराबद्दल किती जणी किती बोलल्या! परक्या जंगलात मन रमेना, तर तुम्हीही दोन-चार पानं अशी करून जोडात घाला. सासूबाईंना एखादं रंगवू द्या.

शेवटी, हे सगळं कुठे पुरेसं नाही ते सांगायलाच हवं. दुःखाला मुदत नसते. पण आईला जाऊन वर्ष उलटल्यावरही जवळजवळ रोज तिच्याच ओढीत दिवस जात असेल, तिच्याशिवाय आपण कोणी नाही असं वाटत असेल आणि घरचं-बाहेरचं काम होत नसेल, तर ती उपचार करण्याजोगी अवस्था आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र नावही आहे. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, पान काढल्याशिवाय घराबाहेर पडवत नसेल, पत्ते आपल्याला हुकूम देताहेत असं वाटत असेल, तर पेटी बंद करून मनोविकारतज्ज्ञांकडे जा. आईच्या मागे जावं असा विचार एकदाही आला असेल तर आजच घरात कोणाला तरी सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ती केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, दिवसरात्र चालू. तुमच्या लिहिण्यात मला असं काही दिसलं नाही, पण लिहिण्यात सगळं दिसत नाही.

बाकी किती दिवस लागतील ते मी सांगू शकत नाही. घरात कोणाशी आईबद्दल बोलता येतं का, भावंडं आहेत का, त्यांनी कधी त्या दोन दिवसांवरून बोल लावला का, यावर फार अवलंबून आहे. ते तुम्ही लिहिलेलं नाही.

येत्या रविवारी सकाळी तेच पान घ्या, ओढून नव्हे, शोधून. पहिली पाच मिनिटं फक्त मेणबत्त्या बघा आणि किती उंच, किती संपत आलेल्या ते लिहा. मग वैद्याकडे या. गोष्ट आता तुम्हाला माहीत आहे, पण चित्रकाराने त्याची नजर नेमकी कुठे ठेवलीय ते मला माहीत नाही. तो स्वतःच्या मेणबत्तीकडे बघतोय, काळ्या झग्याकडे की आणखी कुठे, तेवढं पाहून मला कळवा. पुढचं त्यावरून बोलू.